बिडाची की पोलादाची?

किटली म्हणावी तर तिला तोटी नाही, घंटा म्हणावी तर आत लोलक नाही. तरी इंग्रजीत या वस्तूला ‘केटलबेल’ म्हणतात आणि आपणही आता तेच म्हणू लागलो आहोत. लोखंडाचा एक गोळा, त्याचे बूड सपाट आणि डोक्यावर धरायला एक कडी, एवढाच तिचा संसार. आमच्या सासूबाईंनी ती प्रथम पाहिली तेव्हा “हा उखळीचा बत्ता का गं?” असे विचारले. बत्ता नव्हे हे खरे, पण प्रश्न अगदीच वावगा नव्हता. कारण हिचा जन्मही घरगुती व्यवहारातच झाला आहे.

रशियन लोक हिला ‘गिर्या’ म्हणतात. तिकडे बाजारात धान्य जोखायला हे वजन वापरीत. आपल्याकडे मण आणि शेर, तसा तिकडे पूद. एक पूद म्हणजे 16 किलो 380 ग्रॅम. बाजार उठल्यावर हमालांनी आणि हौशी गड्यांनी ती वजने डोक्यावर उचलून पैजा माराव्यात, हे ओघानेच आले. पुढे 1885 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये व्लादिस्लाव क्रायेव्हस्की नावाच्या डॉक्टरांनी हौशी मल्लांचे मंडळ काढले आणि बाजारातले वजन व्यायामशाळेत आले. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1985 साली, तिकडच्या लिपेत्स्क गावी या खेळाची देशपातळीवरची स्पर्धा भरली. पुदाचा हिशेब मात्र सुटला नाही. 16, 24 आणि 32 किलो हे आजचे ठरलेले आकडे म्हणजे एक, दीड आणि दोन पूदच.

हे सारे वाचून मला आमच्या गावच्या तालमीतला नाल आठवला. दगडाचे जाड पोकळ चाक, आत मध्यभागी मूठ. तो एका हाताने उचलायचा असतो, एवढे आम्हा मुलींना दारातून पाहून ठाऊक होते. त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची आमची प्राज्ञा नव्हती. मी इतक्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या नायिका विहिरीचे पाणी ओढतात, जळणाच्या मोळ्या वाहतात, प्रसंगी नवऱ्यालाही सावरतात. पण स्वतःच्या खुशीने, स्वतःसाठी म्हणून वजन उचलणारी एकही बाई माझ्या लेखणीतून उतरलेली नाही.

मी वजन उचलायला निघाले त्याला कारण माझी आई. तीन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. पडणे काही मोठे नव्हते. पाय सरकला आणि ती बसल्यासारखी झाली, इतकेच. डॉक्टर म्हणाले, “पडल्यामुळे मोडलं हे खरं, पण हाड आतून कधीच विरळ झालं होतं.” पुढचे अकरा महिने ती अंथरुणावर होती. धाकटा भाऊ तिला दिवसातून चार वेळा उचलून बसवी. ती गेली, आणि त्याच डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारले, “तुमचं वय काय?” मी चाळिशी ओलांडलेली. पाळी जाण्याच्या सुमारास बाईची हाडे झपाट्याने झिजू लागतात, हे त्यांनी मला समजावून सांगितले. मी म्हटले, “मी रोज शाळेत चालत जाते.” ते म्हणाले, “चालणं चांगलंच, पण हाडांना भारही कळला पाहिजे. बेताने, कुणाकडून तरी शिकून घेऊन, वजन उचला.”

माझ्या आजीला हे कुणी सांगावे लागले नाही. नदीवरून दिवसाला सहा-सात खेपा, डोक्यावर हंडा नि कडेवर कळशी. तेवढ्याने हाडे जन्मभर टिकतात असा माझा दावा नाही, आणि त्या हंड्यांचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांचा मला रागच येतो. पण घरात नळ आला, जाते गेले, पाट्याची जागा मिक्सरने घेतली, आणि या गेलेल्या ओझ्याच्या जागी दुसरे काही उचलायला हवे हे माझ्या आईला कुणी सांगितलेच नाही, हेही तितकेच खरे.

तर गेल्या भाऊबीजेला भावाने ताटात पाकीट ठेवले. “ताई, साडी घे हं चांगली,” म्हणाला. मी म्हटले, “यंदा लोखंड घेणार आहे.” त्याची मुलगी, माझी भाची, पुण्याला या गिर्यांच्याच स्पर्धांची तयारी करते. ती आनंदाने ओरडली, “आत्या, मी निवडून देते!” आणि इथून घोळ सुरू झाला, कारण केटलबेल एकच नसते.

आमच्या ह्यांना ‘एकात चार’ अशा वस्तूंचे भारी वेड. त्यांनी आत चकत्या घालून वजन कमीजास्त करता येते असली एक शोधून काढली. जागा वाचते, पैसेही वाचतात, हे मान्य. पण दर खेपेला ती चावी, तो पेच, आणि मग ते सगळे आपल्या डोक्यावर! पेच नीट आवळला आहे की नाही या विचारात माझा हात वर जाईना. दुसरी त्यांना आवडली ती स्वस्तातली, प्लॅस्टिकच्या टरफलात सिमेंट भरलेली. तिची मूठ अशी जाडजूड की माझी बोटे तिला वेढतच नव्हती, आणि मुठीच्या खालून सांध्याची धारदार रेघ गेलेली. सोलून निघायला दहा झोके पुरे. ती मी जागच्या जागी नापास केली.

राहिल्या दोन. एक बिडाची, म्हणजे आपल्या डोशाच्या तव्याच्या जातीची. दुसरी स्पर्धेची, पोलादी.

स्पर्धेच्या केटलबेलची गंमत अशी, की 8 किलोंची असो वा 32 किलोंची, आकार तोच. उंची साधारण 28 सेंटिमीटर, गोळ्याचा व्यास 21 च्या आसपास, मुठीची जाडी 33 किंवा 35 मिलिमीटर. हलकी असेल तर आत पोकळी जास्त. ओळखायची ती रंगावरून: 8 ची गुलाबी, 12 ची निळी, 16 ची पिवळी, 24 ची हिरवी, 32 ची लाल. स्पर्धेत ती खाली न टेकवता दहा मिनिटे उचलत राहायचे असते. तिथे हाताचा मार्ग बोटभर बदलला तरी दम फुटतो. भाची म्हणाली, “आत्या, वजन वाढतं, पण वळण बदलत नाही.” हे मला फार पटले. पहिलीच्या मुलाला आज चाररेघी, उद्या एकरेघी, परवा कोरी वही दिली, तर त्याच्या अक्षराचे काय होईल ते मी शाळेत रोज पाहते. शिवाय मोठा गोळा हाताच्या नळीवर ऐसपैस टेकतो. बिडाची छोटी केटलबेल खांद्याशी घेताना नेमकी मनगटाच्या हाडावर आदळते.

बिडाची आपल्या वजनाप्रमाणे वाढते. 8 ची एखाद्या सोललेल्या नारळाहून थोडी मोठी, 24 ची चांगली कलिंगडाएवढी. मूठही वजनाबरोबर जाड होत जाते. म्हणजे वळण दरवेळी थोडे नव्याने गिरवावे लागणार.

भाचीने तिच्या व्यायामशाळेत दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या, दोन्ही आठ-आठ किलोंच्या. मी आधी गुलाबी उचलली, मग बिडाची. शपथेवर सांगते, बिडाची जड लागली! ह्यांनाही तसेच वाटले. भाचीने काटा आणून दाखवला, दोन्ही सारख्या. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंत लहान असेल ती हाताला जड भासते, हे शार्पांतिए नावाच्या फ्रेंच वैद्याने 1891 साली प्रयोगाने दाखवले आहे म्हणे. डोळा मोठ्या वस्तूला आधीच जादा बळ काढून ठेवतो, लहानीला कंजूषपणा करतो. आमच्या घरात धाकट्या जावेच्या वाट्याला येणारी कामे पाहता मला हे फ्रेंच वैद्याशिवायही कळायला हवे होते, असे हे हळूच म्हणाले.

मग मी भाचीला विचारले, “मी पहिलं वर्षभर काय करायचं, ते आधी सांग.” ती म्हणाली, “दोन्ही हातांनी झोका. पायांमधून मागे, मग छातीपर्यंत पुढे.” तिने करून दाखवला. पाठ सरळ, गुडघे जरासे सैल, हात नुसते दोरीसारखे. सारे बळ खुब्यातून. “आत्या, कमरेतून वाकायचं नाही. बिजागरी इथे आहे,” असे म्हणून तिने माझ्या खुब्यावर बोट ठेवले. आईचे हाड जिथे मोडले, नेमके तिथे.

मी तसेच दोन्ही हातांनी गुलाबीचे दहा झोके घेतले. स्पर्धेची मूठ एका हातासाठी घडवलेली, चौकोनी नि अरुंद. माझ्या दोन्ही करंगळ्या कडेच्या खांबांत चेपल्या. बिडाची मूठ रुंद आणि वळणदार. दोन्ही तळवे शेजारी शेजारी सुखाने बसले. तेवढ्यावर निकाल लागला. भाचीचे तोंड उतरले, पण तिने वाद घातला नाही. मात्र तिने मला पारख शिकवली: मूठ आणि गोळा एकाच ओतातली असावी, मुठीच्या आतल्या बाजूने बोट फिरवताना कड लागू नये, रंगाचा थर गुळगुळीत चकचकीत नसावा, कारण घामाने हात सुटतो. या तीन कसोट्यांवर दुकानातल्या पाचांपैकी दोनच उतरल्या. आमच्या कोल्हापूरकडे ओतकामाचे कारखाने पुष्कळ, तेव्हा बीड कसे असावे यावर मत द्यायचा हक्क मला माहेरातून मिळालेला आहे असे मी समजते.

आता ती देवघराच्या बाहेरच्या कोनाड्याखाली असते. आठवड्यातून तीन दिवस, पहाटे, दहा-दहा झोक्यांचे पाच डाव. खंडेनवमीला ह्यांनी आपल्या पान्या-पकडींच्या शेजारी तिलाही मांडले आणि झेंडूचे फूल वाहिले. पुढे कधी एका हाताने डोक्यावर नेण्याइतकी तयारी झाली, तर दुसरी मी भाचीच्याच जातीची घेईन. तिथे तिचे म्हणणे बरोबर आहे.

परवा भाऊ आला होता. त्याने सहज ती उचलली, दोनदा वरखाली केली आणि हातातच धरून उभा राहिला. “ताई, आई शेवटी शेवटी अगदी हलकी झाली होती गं,” म्हणाला. मी काही बोलले नाही. आईला उचलून उचलून त्याची पाठ धरली होती ती अजून सुटलेली नाही. त्याला म्हटले, आधी डॉक्टरांना दाखव, आणि त्यांनी हो म्हटले तर बारा किलोंची घे, बिडाचीच; या भाऊबीजेला पाकीट माझ्याकडून.