पकडीच्या अलीकडचं

कबड्डीतल्या चढाईपटूने निवडीसाठी व्हिडिओ करायचा, तर गुण आपोआप दिसतात. कोपरारक्षकाचं निम्मं काम मात्र पकड न करण्यात असतं: बोनस रेषा राखणं, साखळी जुळू देणं, चढाईचे तीस सेकंद रिकामे जायला लावणं. म्हणून नुसत्या पकडींची माळ फसवी. पूर्ण चढाया दाखवाव्यात, फसलेली एखादीही. बघणाऱ्याला एवढा वेळ कुठे? आक्षेप रास्त आहे. सुरुवातीला दमदार पकडी असाव्यातच, सुपर टॅकल तर हवीच. पण 2022च्या प्रो कबड्डी लिलावात इराणी कोपरारक्षक फजल अत्राचलीला 1.38 कोटी मिळाले, ते माझ्या मते नुसत्या मनगटाचे नव्हेत. म्हणून चित्रीकरणाचा मोबाइल उंचावर, अंतिम रेषेमागे ठेवावा. संघाचे सातही जण दिसले पाहिजेत.