काशीत उतरावे कुठे?

काशीला जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो रेल्वेच्या तिकिटांचा. तिकिटे हाती पडली की दुसरा: उतरायचे कुठे? महाबळेश्वरला किंवा गोव्याला जाताना हा प्रश्न फार छळत नाही. चार पैसे कमी-जास्त, खोली स्वच्छ असली म्हणजे झाले. काशीचे तसे नाही. तिथे आपण कुठे उतरतो, यावर काशी कोणती दिसणार हे ठरते. स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरणाऱ्याला वाहनांची गर्दी दिसते, आणि गल्लीच्या आत, घाटाच्या माथ्यावर उतरणाऱ्याला पहाटेची गंगा.

सातारा जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला याचा चांगलाच अनुभव आला. ऐंशीच्या घरातल्या आजी, एस.टी.तून निवृत्त झालेला मुलगा, सून आणि पुण्यात शिकणारी नात अशी चौघे कार्तिकात काशीला निघाली. आजींनी उभ्या आयुष्यात पंढरपूर आणि जेजुरीपलीकडचा देव पाहिला नव्हता. त्यांचे यजमान 1964 साली वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला जाऊन आले होते. तेव्हा मुलगा दोन महिन्यांचा, गोठ्यात चार जनावरे. आजी घरीच राहिल्या. "पुढल्या खेपेला तुला नेतो," असे यजमान म्हणाले होते. ती पुढली खेप यायला साठ वर्षे लागली, आणि तोवर यजमानही राहिले नाहीत.

नातीने मोबाइलवर शोधून दुर्गाघाटाजवळच्या एका जुन्या वाड्यातले गेस्ट हाउस ठरवले. दिवसाला बाराशे रुपये, गच्चीवरून गंगादर्शन. फोटो झकास होते. वाड्याला पायऱ्या किती, हे मात्र फोटोत दिसत नाही!

गल्लीच्या तोंडाशी

महानगरी एक्स्प्रेसने एक दिवस आणि वर रात्रीचा प्रवास करून मंडळी पहाटे वाराणसी कँट स्टेशनावर उतरली. बाहेर पडताच रिक्षावाल्यांचा गराडा पडला. "वो गेस्ट हाउस तो बंद हो गया, बाबूजी. उससे अच्छा दिखाता हूँ." काशीला जाणाऱ्याने हे वाक्य ध्यानात ठेवावे. ठरवलेली जागा बंद पडली, जळाली किंवा भरली, असे सांगून दुसरीकडे नेण्यात दलाली सुटते, आणि ती शेवटी आपल्याच बिलात चढते. नातीने तिथूनच फोन लावला. पलीकडून चक्क मराठीत उत्तर आले, "या, या, खोली तयार आहे. मैदागिनला उतरा, मुलगा पाठवतो."

मैदागिनच्या पुढे रिक्षा किती आत जाईल, याचा भरवसा नाही. कालभैरवाच्या देवळाकडून घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. कालभैरव हा काशीचा कोतवाल. त्याच्या परवानगीशिवाय या नगरीत राहता येत नाही, अशी श्रद्धा आहे. आजींनी वाटेतच हात जोडले आणि म्हणाल्या, "बाबा, तीन दिस राहू दे."

खोली होती तिसऱ्या मजल्यावर. दगडी जिना उभा, पायऱ्या फूटभर उंच, धरायला दोर. दहाव्या पायरीवर आजी बसल्या. मुलाचा चेहरा पडला. तेवढ्यात वाड्याचे मालक बाहेर आले. साठीचे गृहस्थ, मराठी बोलणारे, पण प्रत्येक वाक्याला बनारसी हेल. "आजी, वर नका जाऊ. चौकाशेजारची खोली उघडतो. माझी आई तिथेच राहायची." ती खोली भाड्याने देण्याची नव्हती. त्यांनी पलंगावरच्या रजयांची चवड उचलली, चादर बदलली आणि आजींसाठी दार उघडून दिले. वरच्या खोलीत मुलगा आणि सून गेली. नात आजीजवळ राहिली.

मराठ्यांची काशी

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा, बालाजीघाट हा सारा भाग म्हणजे काशीतला मराठी मोहल्ला. बंगाल्यांचा बंगाली टोला, दाक्षिणात्यांचा हनुमानघाट, नेपाळ्यांचा ललिताघाट, तसा हा आपला. अठराव्या शतकात कायगावकर नारायण दीक्षितांनी इथे घाट आणि घरे उभारली. पुढे पेशवे, शिंदे, भोसले आणि होळकर यांनी काशीचा नदीकाठ दगडाने बांधून काढला. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास बांधवलेला शिंदेघाट आहे. तो स्वतःच्याच भाराने खचला आणि तिथले रत्नेश्वराचे देऊळ आजही कलते उभे आहे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधले, हे तर सर्वांना ठाऊक असते. पण पंचगंगेवरचा दगडी दीपस्तंभ त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि कार्तिकी पौर्णिमेला त्यावर शेकडो पणत्या उजळतात, हे पाहायला त्या बाजूला उतरावे लागते.

त्याआधीही महाराष्ट्राची वाट इकडे पडलेलीच होती. संत एकनाथांनी आपले भागवत 1573 साली काशीतच पुरे केले. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातले. झाशीच्या राणीचा जन्म काशीचा. हिंदी पत्रकारितेत ज्यांचे नाव आदराने घेतात ते 'आज' दैनिकाचे संपादक बाबूराव पराडकर काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ.

या काळात यात्रेकरू उतरत कुठे? हॉटेल हा शब्दही ठाऊक नव्हता. यात्रेकरू आपल्या गावच्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरी जात. भाडे नाही, जाताना ऐपतीप्रमाणे दक्षिणा. उपाध्याय अंघोळीला घाटावर नेत, श्राद्धविधी करीत, घरची बाई दोन वेळा पान वाढी. आणि निघण्यापूर्वी वही उघडली जाई. गाव, आडनाव, वाडवडील, भाऊबंद, मुलेबाळे यांची नोंद होई. त्याला लेख म्हणत. नातू पन्नास वर्षांनी आला तरी त्याच्या आज्याचा लेख काढून दाखवला जाई.

मग धर्मशाळा आल्या. शेठ-सावकारांनी, संस्थानिकांनी, ज्ञातींनी त्या बांधल्या. तमिळनाडूच्या नाट्टुकोट्टै चेट्टियारांचे छत्रम् 1813 पासून काशीत आहे. धर्मशाळेत खोली काही शे रुपयांत मिळते, पण नियम असतात. बहुतेक ठिकाणी तीन-चार दिवसांवर राहू देत नाहीत, एकट्यादुकट्याला खोली देताना का-कू करतात आणि रात्री ठरलेल्या वेळी दरवाजा बंद होतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून पाठीवर पिशव्या घेतलेले परदेशी तरुण घाटावर येऊ लागले. त्यांना स्वस्त खोली आणि समोर नदी हवी होती. त्यांच्यासाठी जुन्या वाड्यांच्या खोल्या उघडल्या, आणि गेस्ट हाउसचा धंदा वाढला.

या शहरात आणखी एका प्रकारची उतरायची जागा आहे. गोदौलियाजवळचे काशीलाभ मुक्तिभवन 1958 पासून चालू आहे. तिथे उतरतात ते अखेरचा श्वास काशीत घ्यायला आलेले वृद्ध, सोबत घरची माणसे घेऊन. मुदत साधारण पंधरा दिवसांची. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ही म्हण आपण सहज बोलून जातो. इथे तिच्यासाठी खोल्या राखून ठेवलेल्या आहेत.

वहीतले नाव

दुसऱ्या दिवशी आजींनी नातीला हळूच सांगितले, "तुझ्या आज्यानं हितं नाव लिवल्यालं हाय. बघायला मिळंल का?" मालकांनी दोन-तीन फोन केले. त्या गावाचे लेख असलेले घराणे पूर्वी तीन गल्ल्या पलीकडे राहत होते. आता वाड्याला कुलूप आहे. एक भाऊ पुण्यात, दुसरा शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत. वह्या मात्र त्याने टाकल्या नव्हत्या. संध्याकाळी तो स्कूटरवरून लाल कापडात बांधलेले बाड घेऊन आला.

जुनी पाने मोडीत होती. ती कुणालाच धड लागेनात. एका वहीत गाव सापडले, आडनाव सापडले, पण ते भलत्याच घराचे. दुसऱ्या वहीत 1958 नंतर एकदम 1967. मुलगा म्हणाला, "राहू दे, आई." वह्या आणणाऱ्याने मात्र चष्मा पुसला आणि तिसरी वही काढली. तिच्यात निळ्या शाईने, बाळबोधीत, जरा तिरप्या अक्षरात लेख होता. वडिलांचे नाव, त्यांच्या अस्थी आणल्याची तिथी, दोन भाऊ, एक बहीण. आणि खाली, जागा उरली म्हणून की काय, बायकोचे नाव आणि 'मुलगा एक, दोन महिन्यांचा'.

आजींना वाचता येत नव्हते. नातीने त्यांचे बोट धरून त्या अक्षरांवर ठेवले. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजी मी आधीच येऊन गेल्ये की."

त्याखाली नवा लेख झाला. मुलाने लिहिले, सुनेने सही केली. नातीने आपले नाव स्वतःच्या हाताने घातले.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले. तीन हजार चौरस फुटांतले मंदिराचे आवार सुमारे पाच लाख चौरस फुटांचे झाले. त्यानंतर गर्दी फार वाढली आणि राहण्याच्या जागाही. महाशिवरात्र, श्रावणातले सोमवार आणि देवदिवाळी या दिवसांत भाव दुपटी-तिपटीने चढतात. जाणाऱ्याने आधीच ठरवून ठेवावे.

सोबत वडीलधारी माणसे असतील तर फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात. वाहन जिथे थांबते तिथून किती चालायचे? खोली कितव्या मजल्यावर? संडास खोलीला लागून आहे का, आणि कमोडचा आहे का? गच्चीवरून गंगा दिसते की नाही, हे चौथे. प्रत्येकाचे ओळखपत्र सोबत हवे. खोली सोडण्याची वेळ दुपारी बारा की चोवीस तासांची, हेही आधीच विचारून घ्यावे. पहाटे पोचणाऱ्याचे त्यात एका दिवसाचे भाडे जाऊ शकते.

पावसाळ्यात गंगा चढली की घाट पाण्याखाली जातात, नावा बंद होतात आणि एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. दिवाळीनंतरचा महिना आणि होळीच्या आधीचे दिवस उत्तम. खिडकीत कपडे किंवा फळे ठेवू नयेत, माकडे नेतात. सकाळी कचोरी-जिलेबी, थंडीत मलइयो, उन्हाळ्यात लंगडा आंबा. साधा वरणभात हवा असेल तर अन्नपूर्णेच्या अन्नक्षेत्रात पंगतीला बसावे.

निरोप

तीन दिवसांत आजी विश्वनाथाला एकदाच गेल्या. उरलेला वेळ पहाटे पंचगंगेच्या वरच्या पायरीवर आणि दुपारी वाड्याच्या चौकात. मालकांची सून भाजी निवडायला बसली की आजी मेथीची जुडी आपल्याकडे ओढत. बोलता बोलता कळले की या गल्लीत पूर्वी घरोघर मराठी ऐकू येई. आता मुले नोकरीला बाहेरगावी, आणि अशा मोठ्या वाड्याची डागडुजी एकट्याच्या पगारात होत नाही. चार खोल्यांचे भाडे येते म्हणून छप्पर शाबूत आहे. शेजारचे दोन वाडे विकले गेले. "खोल्या दिल्या नसत्या तर हाही गेला असता," मालक म्हणाले.

निघताना गेस्ट हाउसचे रजिस्टर समोर आले. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, माणसे किती. मुलाने ते भरले. पैसे देताना मालकांनी एकाच खोलीचे भाडे घेतले. चौकाशेजारची खोली भाड्याची नाही, असे म्हणून ते ऐकेनात. सुनेने मग बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी आणि गुळाची ढेप त्यांच्या घरात ठेवली.

दाराशी आजी थांबल्या. "माघात आमची शेजारीण येनार हाय. तिचं बी गुडघं दुखत्यात. तिला ही खालची खोली द्याल का?"

मालकांनी कागदाच्या चिटोऱ्यावर मोठ्या आकड्यांत फोन नंबर लिहिला आणि तो नातीकडे न देता आजींच्या हातात ठेवला.