तार कोणती घ्यावी?

चेंबूर-माहुल पट्ट्यातील एका कारखान्यात तापमापक उपकरणांची देखभाल करण्यात माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे तारांविषयी काही अडले की इमारतीतील मंडळी माझ्याकडे येतात. गेल्या हिवाळ्यातील प्रश्न मात्र निराळा होता. शेजारचे गृहस्थ बहात्तर वर्षांचे. चाळीस वर्षे सिगारेट ओढलेली, आता जिना चढताना दम लागतो. परदेशातून आलेल्या पुतण्याने त्यांना ई-सिगारेट दिली आणि सांगितले, की तापमान नियंत्रणाला साजेशी तार घातली म्हणजे ती निर्धोक होते. वहिनींनी विचारले, "भाऊ, तार कोणती चांगली, तेवढं सांगा."

तारेपुरते उत्तर सोपे आहे. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो. निकेलची तार 20 अंशांवरून 220 अंशांपर्यंत तापली, तर तिचा रोध दुपटीहून अधिक होतो. टायटॅनियममध्ये ही वाढ कमी, स्टेनलेस स्टीलमध्ये त्याहूनही कमी. उपकरण या वाढीवरून तापमान ताडते आणि वीज आवरते. शेगडीत असते तशी नायक्रोमची किंवा कँथलची तार तापूनही तिचा रोध फारसा बदलत नाही; म्हणून ती या कामी निरुपयोगी. कारखान्यात आम्ही हेच तत्त्व प्लॅटिनमच्या तारेने वापरीत असू.

या नियंत्रणाचा उपयोग एवढाच, की कापसाची वात कोरडी पडून करपण्याचा संभव घटतो. अतितापाने त्यातील द्रवापासून फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलीन यांसारखी घातक रसायने बनतात. ती कमी होऊ शकतात. पण निकोटीन तसेच राहते. नाडी आणि रक्तदाब वाढविणारे तेच, आणि सवय जडविणारेही तेच. शिवाय वाफेत तारेतील धातूंचे सूक्ष्म अंश आढळलेले आहेत. आमच्या कारखान्यात तापमापक अचूक असला, म्हणून नळीतला वायू श्वासात घेण्याजोगा होत नसे.

हे मी दोघांना सांगितले. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूक यांना बंदी आहे, हेही सांगितले. गृहस्थ खिन्न होऊन म्हणाले, "मग सिगारेटच ओढत राहू का?" तारेच्या चौकशीआड दडलेला खरा प्रश्न तो होता. त्यांना सिगारेट सुटायला हवी होती. वाट तेवढी सापडत नव्हती. छातीच्या डॉक्टरांनी त्यांची फुप्फुसे तपासली, औषध दिले आणि निकोटीनच्या गोळ्यांचे प्रमाण ठरवून दिले. दिवस कठीण गेले, चिडचिड झाली. ती वहिनींनी सोसली.

सांभाळ करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. घरात ऑक्सिजन सुरू असेल, तर सिगारेट काय नि तापणारी तार काय, दोन्हींमुळे आग लागू शकते. निकोटीनचा द्रव नातवंडांच्या पोटात गेला, तर विषबाधा होते. रुग्णाने सवय सोडण्याची इच्छा बोलून दाखविली, तर "या वयात आता काय" असे म्हणू नये. उतारवयातही सोडल्याचा लाभ होतो. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी आहे. रुग्णाच्या शेजारी बसून तो क्रमांक आपणच फिरवून द्यावा; पहिले पाऊल पुष्कळदा तेवढ्यावाचून अडलेले असते.