नेट घरात आहे, पण कुणाच्या खोलीत?

‘आमच्या घरी नेट आहे’ हे वाक्य हल्ली सगळीकडे ऐकू येतं. माझा प्रश्न साधा आहे. आहे म्हणजे नेमकं कुठे आहे? कुणाच्या खोलीत आहे?

फायबरची वायर पुढच्या दाराने आत येते आणि पहिल्याच भिंतीवर, टीव्हीशेजारी राऊटर बसतो. बसवणाऱ्याला ते सोयीचं. घरातल्या पुरुषांना त्याहून सोयीचं, कारण ते तिथेच बसलेले असतात. मागच्या खोलीत अभ्यास करणारी मुलगी, स्वयंपाकघरात काम करता करता कोर्सचे व्हिडिओ ऐकणारी सून, वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं यांच्या वाट्याला उरलासुरला सिग्नल येतो.

आमच्या घरात हेच चाललं होतं. प्लॅन १०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये मोबाइलवर ९० दिसायचे, मागच्या खोलीत ४ किंवा ५. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी माझी पुतणी लेक्चर ऐकायला जिन्याच्या पायरीवर बसायची. ‘हॉलमध्ये येऊन बस की,’ असं तिलाच सांगितलं जायचं. हॉलमध्ये टीव्ही सुरू, पाहुणे बसलेले. तिथे तिने काय शिकायचं? पण जागा बदलायची ती तिने, राऊटरने नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

सल्ले दोन मिळाले. पहिला, मोठा प्लॅन घ्या. मित्रहो, गच्चीवरची टाकी भरलेली असताना मागच्या नळाला पाणी येत नसेल, तर आपण टाकी मोठी करतो की पाइप टाकतो? इथे अडचण पुरवठ्याची नव्हती, वाटपाची होती. मधे दोन जाड भिंती आणि एक स्लॅब. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतात. २.४ च्या जरा लांब जातात, पण त्यांचा वेग कमी आणि त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राऊटरची गर्दी.

दुसरा सल्ला, मधे एक्स्टेंडर लावा. स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच रेडिओवर राऊटरकडून ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शिवाय तो लावला जातो जिथे सिग्नल आधीच अशक्त असतो तिथे. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार?

म्हणून आम्ही वायर टाकली. कॅट सिक्स केबल, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबलही मिळते. ती स्वस्त असते, पण लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज द्यायची असेल तर घेऊच नये. अशी एक केबल १०० मीटरपर्यंत चालते, घराला ते भरपूर झालं. पीव्हीसीच्या पट्टीतून एक केबल मागच्या खोलीत नेली, एक वर. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र ती घालायची नाही.

टोकांना जॅक पुतणीनेच दाबले. क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. टेस्टर लावल्यावर ती ओरडली, ‘काका, आठही दिवे लागले!’

प्रत्येक टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो. आम्ही कपाटात पडलेले दोन जुने राऊटर वापरले. त्यांचा आयपी पत्ता बदलला, डीएचसीपी बंद केलं, केबल वॅनच्या नव्हे तर लॅनच्या पोर्टमध्ये घातली. घरात पत्ते वाटणारा एकच हवा, दोघे वाटायला लागले की गोंधळ. नाव आणि पासवर्ड तिन्हींचे सारखे, पण २.४ वर चॅनेल वेगळे: १, ६ आणि ११. कोणत्या पॉइंटला धरायचं हे मोबाइल ठरवतो आणि तो जुनाच धरून बसतो. त्यासाठी तिन्हींची पॉवर थोडी कमी केली. नवे पॉइंट घेणार असाल तर पीओई स्विच घ्या. केबलमधूनच वीज जाते, आणि त्या स्विचला व मुख्य राऊटरला यूपीएस दिला की लाइट गेली तरी सगळ्या खोल्या चालू राहतात.

आता मागच्या खोलीतही ९० येतात. पायरी रिकामी आहे.

कुणी म्हणेल, हे इंजिनियरचं काम आहे. नाही. आठ रंग लक्षात ठेवणं आणि भिंतीला पट्टी ठोकणं हे काम आपल्या वस्तीतला कुठलाही वायरमन करतो, आणि शिकली तर बारावीतली मुलगीही करते. कुणी म्हणेल, घर भाड्याचं आहे. मग भिंत फोडू नका, दाराच्या चौकटीवरून पट्टी न्या, सोडताना काढून घ्या.

आज एवढंच करा. मोबाइल घेऊन घरातल्या प्रत्येक खोलीत उभे राहा, वेग मोजा, कागदावर लिहा. सर्वात कमी आकडा ज्या खोलीत येईल, त्या खोलीत कोण राहतं तेही शेजारी लिहा. पहिली वायर तिकडे जाऊ द्या.