त्रुटित

राळेगणसिद्धीला आमच्या मामांच्या गोठ्यामागे एक ट्रॅक्टर कित्येक वर्षे उभा होता. लाल रंग उडालेला, बोनेटखाली चिमण्यांची घरटी, इंजिन जाम. मामा गेल्यानंतर तो भंगारात जाऊ नये, म्हणून त्यास मूळ रूपात आणण्याचे आम्ही मनावर घेतले. आमची नोकरी जुन्या पोथ्यांचे पाठभेद शिकवण्याची. तेव्हा ‘मूळ रूप’ या शब्दांचा मोह आम्हांला जरा अधिकच.

या यंत्राचे मूळ शोधू जाता ते थेट इंग्लंडात निघते. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी अमेरिकन. पण बी-२७५ हा ट्रॅक्टर तिच्या यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्डच्या कारखान्यात १९५८ पासून तयार होऊ लागला. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, सुमारे ३५ अश्वशक्ती. १९६३ साली महिंद्र, हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि हाच नमुना मुंबईत कांदिवलीला बनू लागला. ब्रॅडफर्डचे ट्रॅक्टर-उत्पादन पुढे संपले. २७५ हा आकडा मात्र महिंद्रच्या बोनेटवर आजही दिसतो. मूळ पोथी नाहीशी व्हावी आणि नकलांची परंपरा चालू राहावी, तसेच काहीसे हे.

मामांनी हा ट्रॅक्टर ऐंशीच्या दशकात जुनाच घेतला होता. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावात पाणी अडवण्याची कामे सुरू झाली होती. पाझर तलाव दुरुस्त झाला, नाल्यांवर बांध पडू लागले. त्यांपैकी काही बांधांचे दगड आपल्या ट्रॉलीतून गेले, असे मामा अभिमानाने सांगत.

मिस्त्रींनी इंजिन खोलले, पिस्टन आणि बेअरिंग बदलले, डिझेल पंप दुरुस्त करून आणला. पत्र्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले. डाव्या मडगार्डवर जाड पत्र्याचे एक वेडेवाकडे ठिगळ वेल्डिंगने बसवलेले होते आणि त्यावर ऑइलपेंटची काही पुसट अक्षरे होती. कारखान्यातून निघालेल्या यंत्रावर हे असणे शक्य नव्हते. आमच्या परिभाषेत तो प्रक्षिप्त भाग होय. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. ज्या नेवाशात तो ग्रंथ सांगितला गेला, ते याच जिल्ह्यात. त्या उत्साहात आम्ही पॉलिश पेपर घेऊन बसलो आणि ती अक्षरे साफ केली.

संध्याकाळी मामी चहा घेऊन आल्या. मडगार्डकडे पाहून म्हणाल्या, “अरे, हरण्या-पवळ्याची नावं कुठं गेली?”

ट्रॅक्टरसाठी मामांनी आपली बैलजोडी विकली होती. ती नावे त्यांनी त्या ठिगळावर स्वतःच्या हाताने रंगवली होती. आम्हांला हे ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नसताना आम्ही विचारलेही नव्हते. पाठचिकित्सेचा पहिला नियम आम्हीच मोडला होता. जे आपल्याला कळत नाही, ते चूक ठरवून काढायचे नसते.

यंत्र कारखान्यातल्यासारखे नवे करावे की वापराच्या खुणांसह राखावे, हा वाद इंग्लंडातील जुन्या ट्रॅक्टरांच्या शौकिनांतही आहे. ग्रंथाला कर्ता असतो, म्हणून त्याचा मूळ पाठ शोधण्यास अर्थ असतो. शेतकऱ्याच्या यंत्राचा कर्ता मात्र ब्रॅडफर्डला थांबत नाही. तो कांदिवलीला बदलतो आणि पुढे राळेगणच्या गोठ्यामागेही लिहीतच राहतो.

ती नावे पुन्हा रंगवून देतो, असे आम्ही म्हणालो. मामी म्हणाल्या, “तुझ्या अक्षरात कशाला? राहू दे.”

ट्रॅक्टर आता चालतो. लाल रंगही उत्तम बसला आहे. ठिगळ तेवढे आम्ही रंगवलेले नाही. पोथीतील अक्षरे गेलेली असली की संपादक तेथे आपल्या पदरचे काही न घालता जागा मोकळी सोडतो आणि ‘त्रुटित’ अशी नोंद करतो. तसे ते आहे.