सूतभर जागा

टेबलाचा लाकडी पट घरी करायचा, तर आधी लाकडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. झाड तोडले, चिरले, वाळवले, तरी लाकूड हवेतला ओलावा शोषत आणि सोडत राहते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो, हवा कोरडीठाक होते. श्रावणात त्याच घराच्या भिंतींना ओल येते. दोन फूट रुंदीचा सागवानी पट या दोन ऋतूंत एक-दीड सूत सहज कमीजास्त होतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढीशी हालचाल अडवली, तरी चांगली जाड फळी तडकते.

लाकूड सागाचेच असावे असे नाही, पण साग इतर लाकडांच्या मानाने कमी हलतो आणि त्याला वाळवी सहसा लागत नाही. जपलेले लाकूड किती टिकते, हे कार्ल्याच्या चैत्यगृहात दिसते: तिथल्या छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे जागेवर आहेत. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात तशाच फासळ्या दगडात कोरल्या आहेत. लोक त्याला सुतार लेणे म्हणतात ते उगाच नव्हे. जुना वाडा पाडताना निघालेले सागवान मिळाले तर उत्तमच. ते पुरते मुरलेले असते. मात्र आतले खिळे लोहचुंबकाने शोधून काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते गेलेच.

चार फूट लांब, सहा इंच रुंद आणि इंचभर जाड अशा चार फळ्या पुरतात. वखारीतून आणल्यावर त्या मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा, काही आठवडे घरातच रचून ठेवाव्यात. गच्चीवरच्या उन्हात टाकलेली फळी हमखास वाकते.

करवत, रंधा, गुण्या, ड्रिल आणि शिकंजे एवढ्यावर काम भागते. खरी कसोटी कडांची. शेजारी येणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटावे तशा एकमेकींवर ठेवून दोन्ही कडा एकदमच रंधतात. रंधा किंचित कलला, तरी एका कडेचा कल दुसरीच्या कलाने भरून निघतो आणि सांधा सपाट बसतो. मग फळ्या कडेला कड लावून उजेडासमोर धराव्यात. फटीतून उजेड आला, की पुन्हा एक पातळ हात. रेषांची दिशा चारही फळ्यांत एकच ठेवावी, म्हणजे शेवटी पट रंधताना लाकूड उचकटत नाही.

१९५९ साली फेव्हिकॉल आले, त्याआधी सुतार हाडा-कातड्याचा सरस तापवून लावत. सागाच्या अंगी तेल असते, म्हणून कड रंधल्यावर लगेच चिकटवावी. शिकंजे बेताने आवळावेत. सांध्यावर गोंदाच्या थेंबांची सलग रांग उमटली, की दाब पुरेसा झाला. ते थेंब ओल्या फडक्याने तिथल्या तिथे पुसावेत आणि पट दिवसभर हलवू नये.

मग आधी तिरका, नंतर सरळ रंधा. त्यावर ८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर. जिथे मनगट टेकते ती पुढची कड थोडी गोल करावी. जवसाचे तेल दोन्ही बाजूंना सारखेच लावावे, कारण एकच बाजू बंद केली तर पट खोलगट होतो. तेलाच्या चिंध्या बोळा करून कधीही टाकू नयेत. सुकताना त्या तापतात आणि पेट घेऊ शकतात; दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्याव्यात.

पट शेवटी खालच्या आडव्या पट्ट्यांवर बसवतात, तोही फक्त स्क्रूने. इथे गोंद नको. मधला स्क्रू घट्ट असावा. कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीत पटाच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोके पाडून, वॉशर घालून, ते जेमतेम आवळावेत. इंचभर पट्टी आणि रंधून उरलेला सात सुतांचा पट, म्हणजे दीड इंची स्क्रू पुरे. त्याहून लांब घेतला तर टोक वर येते. जमिनीपासून २९ ते ३० इंच उंची बसून लिहिणाऱ्याला सोयीची पडते.