इग्वानाची निगा

माणसाने प्राणी पाळले ते गरजेपोटी. वसईच्या वाड्यांतून आम्ही लहानाचे मोठे झालो तेव्हा गाय दूध देई, बैल रहाट ओढी, कोंबडी अंडी देई आणि कुत्रा राखण करून वर शेपूटही हलवी. ह्या देवघेवीच्या हिशोबात न बसणारा एक प्राणी अलीकडे शहरांतून आपल्या गावांतही येऊन राहिला आहे. त्याचे नाव इग्वाना.

पाहणारा त्याला घोरपड समजतो. घोरपड मात्र आपल्या मातीतली, मांसाहारी आणि कायद्याने संरक्षित. ती पाळणे हा गुन्हा आहे. हिरवा इग्वाना मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या अरण्यांतला, नदीकाठच्या झाडांवर राहणारा व पाला खाणारा. तिकडे त्याला ‘झाडावरची कोंबडी’ म्हणतात. निकाराग्वासारख्या देशात उपवासकाळात मांस वर्ज्य असताना इग्वानाचा रस्सा मात्र चालतो, अशी जुनी रीत आहे!

माझ्या धर्मग्रामातील एका घरी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आजोबांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी जातो. आजोबांची स्मृती गेली आहे. त्याच घराच्या माडीवर उंच जाळीच्या खोपटात एक इग्वाना राहतो. नातवाने २०१८ साली मुंबईच्या बाजारातून आणला तेव्हा तो वीतभर होता. आज शेपटीसह सव्वा मीटरच्या पुढे गेला आहे. नातू नोकरीनिमित्त बंगळूरला गेला आणि ह्या जीवाचे काय करायचे, असा प्रश्न घरात उभा राहिला. मुलाने सुचविले, “तुंगारेश्वरच्या रानात सोडून देऊ, जगेल आपला आपण.” आजी म्हणाल्या, “ज्याला आपण पानं तोडून भरवली, त्याला रानात पानं कोण दाखवणार?” तेव्हापासून त्याची निगा आजींकडे आहे. नातवाने फोनवरून शिकविले, पशुवैद्यांनी उरलेले सांगितले, आणि आजींकडून ऐकता-पाहता मीही पुष्कळ शिकलो.

पहिली गोष्ट ऊब. इग्वानाचे शरीर स्वतःची उष्णता निर्माण करीत नाही. खाल्लेले पचविण्यासाठीही त्याला बाहेरची ऊब लागते. त्याच्या बसण्याच्या फांदीवर दिवसा ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे लागते. आपल्याकडील दमट हवा त्याला मानवते, पण डिसेंबरच्या रात्री सोसवत नाहीत. दुसरी गोष्ट उन्हातील अतिनील किरण. त्यांच्यावाचून त्याच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम हाडांत मुरत नाही; मग जबडा सुजतो, हाडे मऊ पडतात, पाय थरथरतात. खिडकीच्या काचेतून ऊन आत येते, परंतु हे किरण काच अडविते. म्हणून खास नळी लावावी लागते. ती नळी डोळ्यांना उजेड देत असली तरी काही महिन्यांनी तिचे किरण क्षीण होतात. तेव्हा दिसणाऱ्या प्रकाशावर विसंबून न राहता सहा ते बारा महिन्यांत ती बदलावी लागते.

आहार साधा असला तरी शिस्तीचा आहे. तुतीची व शेवग्याची पाने, जास्वंदीची फुले, किसलेला लाल भोपळा. पालक रोज देऊ नये, कारण त्यातील घटक कॅल्शियम बांधून ठेवतात. एका सणाला शेजारीण प्रेमाने उकडलेले अंडे घेऊन आली. आजींनी हात जोडून ते परत केले. मांस आणि अंडी ह्या प्राण्याची मूत्रपिंडे निकामी करतात, हे त्यांना पाठ आहे.

आठवड्यातून काही वेळा त्याची अंघोळ असते. पसरट घमेल्यात खांद्यापर्यंत येईल एवढे कोमट पाणी आणि वीसेक मिनिटे. साबण नाही. पाण्यात बसला की तो बहुधा विष्ठाही तेथेच करतो, म्हणून ते घमेले निराळे ठेवलेले. ह्या प्राण्याच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम घरात कोणालाच माफ नाही, आणि पाच वर्षांखालील मुलांना माडीवर मज्जाव आहे. अंघोळीचा उपयोग कात टाकताना होतो. सापाची कात अखंड निघते, इग्वानाची तुकड्यातुकड्यांनी. बोटांवर किंवा शेपटीच्या टोकावर जुनी कातडी आवळून राहिली तर रक्त अडते आणि तो भाग वाळून गळतो. तरीही ती ओढून काढायची नसते. भिजवायचे आणि वाट पाहायची.

नखे तीन-चार आठवड्यांनी कापावी लागतात. आजी त्याला टॉवेलात गुंडाळतात, डोळ्यांवर टॉवेलाचा पदर ओढतात आणि एकेक बोट बाहेर काढून केवळ टोक छाटतात. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. चुकून रक्त आलेच तर दाबायला मक्याचे पीठ जवळ असते. एकदा त्या म्हणाल्या, “फादर, ह्यांची नखं काढताना हेही हात मागे ओढतात आणि तोही ओढतो. घाई केली की रक्त येतं.” आजोबा खाली पलंगावर शांत झोपले होते.

इग्वानाच्या डोक्यावर मध्यभागी एक फिकट ठिपका असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, परंतु उजेड आणि सावली कळते. आकाशातून झेपावणाऱ्या पक्ष्यापासून वाचण्यासाठी निसर्गाने दिलेली ही योजना. म्हणून वरून आलेला हात, मग तो कितीही मायेचा असो, त्याला घारीसारखा वाटतो. हात बाजूने न्यावा, त्याला दिसेल असा. शेपटीने कधी उचलू नये. भयाने तो शेपटी तोडून टाकतो. आपले प्रेम त्याच्या भीतीला जुमानत नाही तोवर ते प्रेम त्याच्या कामाचे नसते, हे मला आजींच्या हाताकडे पाहून उमगले.

टाकून दिलेल्या इग्वानांचे काय होते, ते अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने पाहिले आहे. सुटलेल्या व सोडलेल्या इग्वानांची तेथे एवढी वाढ झाली की बागा आणि कालव्यांचे काठ पोखरले गेले. २०२० च्या जानेवारीत थंडीने गारठलेले इग्वाना झाडांवरून खाली पडतील, अशी सूचना तेथील हवामान खात्याने दिली होती. २०२१ साली त्या राज्याने ते नव्याने पाळण्यास बंदी घातली. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम ह्यांनुसार अशा परदेशी प्राण्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. ह्या घराने ती केली आहे.

नीट निगा राखली तर इग्वाना पंधरा-वीस वर्षे जगतो. आजींचे वय चौऱ्याहत्तर. हा हिशोब त्यांनीच मला मांडून दाखविला, आणि उशाखालची एक वही पुढे केली. नळी कधी बदलली, कात कोणत्या बोटावर अडकली होती, कोणते पान त्याने सोडले, हे सारे तारीखवार तीत लिहिलेले आहे. माझ्यानंतर जो कोणी सांभाळील त्याच्यासाठी, असे त्या म्हणाल्या. सुट्टीत आलेला नातू आता त्या वहीत स्वतःच्या अक्षरात भर घालतो.

वाचकहो, आपल्या घरातील एखाद्या मुलाने इग्वाना मागितला, तर नाही म्हणण्याची घाई करू नका आणि हो म्हणण्याचीही करू नका. त्याला प्राण्याची किंमत सांगण्यापेक्षा अशा एखाद्या वहीतील वर्षभराची पाने वाचून दाखवा. वाचून झाल्यावरही त्याने मागितला, तर मग बोलणे पुढे न्यावे.